मागील सभेचं इतिवृत्त

"बारा दिवस लागतील," मगदूम म्हणाले. "चार नंबरच्या दरवाज्याची डावी बिजागरी मी नापास केलीय. आत पोकळी आहे. नवीन ओतायला लागंल."

टेबलाभोवती आम्ही चौघंच होतो. मे महिन्यातली दुपार, पत्र्याची शेड. डोक्यावरचा पंखा गरम हवाच ढवळत होता. माझं पेन कागदावर थांबलं. मी बघितलं ते मगदूमांकडं नाही, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मालकांकडं, जिनगोंडा निटव्यांकडं. त्यांच्या चेहऱ्यावरून उघड दिसत होतं की ही बातमी त्यांनाही आमच्याबरोबरच कळत होती.

"लॅबनं पास केलीय ती," निटवे दबक्या आवाजात म्हणाले.

"केलीय. मला आवाज बरोबर वाटला नाही, म्हणून परत मशीन लावून बघितलं. लिंबाएवढी पोकळी आहे, साहेब. नेमकी जिथं भार येणार तिथं."

माझ्या शेजारी अण्णा, म्हणजे आमच्या कंपनीचे मालक महादेवअण्णा आवटी, खुर्चीत मागं रेलले. त्या सभेचे अध्यक्ष तेच होते. "लिहून घे वसुधा," ते शांतपणे म्हणाले. "शब्दन् शब्द लिहून घे."

मी लिहून घेतलं.

याला आता सत्तावीस वर्षं होतील. घाटमाथ्यावरच्या एका धरणाला सहा वक्राकार दरवाजे बसवायचं काम होतं. धरणाचं नाव सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. पाणी अडवणारं दरवाज्याचं पान आणि ते तोलून धरणारे लांब पोलादी हात आमचे, माधवनगरच्या आवटी फॅब्रिकेटर्सचे. ज्या ओतीव बिजागऱ्यांवर हा सगळा डोलारा फिरणार, त्या शिरोलीच्या निटवे कास्टिंग्जच्या. हे काम एकट्याला झेपणारं नव्हतं आणि एकट्याला मिळालंही नसतं, म्हणून दोन्ही कंपन्या अठरा महिन्यांपुरत्या एक झाल्या होत्या. त्याआधी पंधरा वर्षं लहानसहान दरवाज्यांच्या कामांसाठी त्या एकमेकींच्या विरुद्ध टेंडरं भरत आल्या होत्या. अठरा महिने झाले की पुन्हा भरणार होत्या. करारावर सह्या करताना पेढे वाटले गेले, तेव्हाही हे सगळ्यांना माहीत होतं.

म्हणूनच करार मोठा काळजीपूर्वक केलेला. दोघांची मिळून एक संयुक्त समिती, दोन माणसं यांची, दोन त्यांची. आमच्याकडून अण्णा आणि मी, त्यांच्याकडून निटवे आणि धातुशास्त्र जाणणारे धनपाल मगदूम. अध्यक्षपद दर तीन महिन्यांनी फिरणार. निर्णय एकमतानंच होणार. कुणाच्याही भागात दोष सापडला तर चोवीस तासांत समितीला कळवायचा, आणि दुरुस्तीची तपासणी दोघांनी मिळून नेमलेल्या बाहेरच्या माणसानं करायची. एकाला दुसऱ्याचा प्रतिनिधी नको असेल तर तो बदलून मागता येणार. आणि प्रत्येक सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम करायचं. एकदा कायम झालं की ते दोघांवर बंधनकारक. ते लिहिण्याचं काम दोन्ही मालकांनी माझ्याकडं दिलं होतं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मी कमी बोलायची.

सभा संपल्यावर अण्णा आणि मी जीपमधून घाट उतरायला लागलो. अण्णा स्वतः गाडी चालवायचे. दोन वळणं झाल्यावर ते म्हणाले, "आयतंच पदरात पडलं की गं."

माझ्या मांडीवरच्या पिशवीत एक्स-रेची एक फिल्म होती. आदल्या दिवशी सकाळी आम्ही आमच्याच मशीनवर काढलेली. त्याच चार नंबरच्या दरवाज्याचा उजवा हात, त्याच्या मुख्य सांध्याचं वेल्डिंग. फिल्मवर केसासारखी बारीक, काळी रेघ होती. तडा. मी ती अण्णांना लगेच दाखवली होती आणि ते "उद्या सभेत बघू" म्हणाले होते. मी फिल्म घेऊन सभेला गेले ती अण्णा विषय काढतील म्हणून. त्यांनी काढला नाही. त्याऐवजी सभेच्या शेवटी मला एक वाक्य सांगितलं होतं, "वेल्डिंगच्या कामात कोणताही दोष आढळलेला नाही, असं घाल." ते मी घातलं होतं.

"बारा दिवस मिळालेत," अण्णा म्हणाले. "सर्जेरावला उद्याच वर चढवतो. तडा खरवडून काढेल आणि नव्यानं भरेल. त्याच्यासारखा वेल्डर या जिल्ह्यात नाही. रंगाचा हात मारला की विषय संपला."

"आणि दुरुस्तीचा एक्स-रे?"

"आपलंच मशीन त्या सांध्याला परत लावलं तर लोक विचारणार. आणि रीतसर एक्स-रे म्हटलं की समितीनं नेमलेला माणूस येणार. तो आला की निटव्यांना कळणार."

"पण अण्णा, बघितल्याशिवाय कसं कळणार आत काय झालंय?"

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. आवाज चढवला नाही. अण्णा माझ्यावर कधीच ओरडले नव्हते. मी शिकून बाहेर पडले तेव्हा वेल्डिंगच्या खात्यात बाई काय करणार म्हणून चार कारखान्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं होतं. अण्णांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "पायात बूट घालणार का?" आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं होतं. कामगार हसले तर त्यांच्यासमोर मला साहेब म्हणायचे. नऊ वर्षं मी त्यांच्या शब्दाबाहेर गेले नव्हते.

"हे बघ," ते म्हणाले. "अठरातले चौदा महिने संपलेत. चार महिन्यांनी हाच जिनगोंडा माझ्यासमोर टेंडर भरायला बसणार. खात्याच्या साहेबांच्या कानात सांगणार, आवटींच्या वेल्डिंगला तडे जातात. हे मी माझ्या हातानं त्याला द्यायचं?"

"त्यांच्या माणसानं आत्ता दिलंच की आपल्याला."

"तो येडा आहे. त्याच्या मालकाचा चेहरा बघितलास ना?" मग म्हणाले, "कराराला मुदत असते वसुधा, कंपनीला नसते. तू कुणाची माणूस आहेस ते सांग मला."

मी बाहेर बघत राहिले. त्यांनी ते उत्तर धरलं आणि पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी इतिवृत्त टाइप करून साइटवर नेलं. मगदूम धरणाच्या भिंतीपाशी सावलीत उभे होते. अठ्ठावन्न वर्षांचा, किडकिडीत, पांढरा सदरा घालणारा माणूस. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. बिजागरीवर लहान हातोडी मारून कान लावून ऐकायची त्यांची सवय होती, त्यावरून दोन्हीकडची पोरं त्यांची चेष्टा करायची. मी कागद पुढं केले. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि शेवटचं पान उलटलं.

"वाचून बघा की," मी म्हणाले.

"तुम्ही लिहिलंय न्हवं?" मग पेन टेकवता टेकवता त्यांनी सहज विचारलं, "सगळं आलं ना, मॅडम?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी सही केली.

पुढच्या तीन दिवसांत सर्जेरावनं काम केलं. ताडपत्रीच्या आडोशानं. विचारलं तर रंगाचं काम चाललंय म्हणून सांगायचं ठरलं होतं. चौथ्या दिवशी अण्णांनी मला निटव्यांना पाठवायचं पत्र सांगितलं. उशिराचा सगळा ठपका निटवे कास्टिंग्जवर आहे, इतिवृत्तात तसं नमूद आहे, आणि ज्यांच्या देखरेखीखाली असा सदोष माल बाहेर पडला ते श्री. मगदूम समितीवर नकोत, करारानुसार त्यांच्या जागी दुसरा प्रतिनिधी द्यावा.

"मगदूम कशाला, अण्णा? त्यांनीच तर दोष शोधला."

"म्हणूनच," अण्णा म्हणाले. "तो उद्या आपल्या हातावरही कान लावून बसेल."

पत्र मी टाइप केलं. दोन ठिकाणी चुकलं, म्हणून परत केलं.

आठव्या दिवशी सकाळी सभेची वेळ पक्की करायला मी शिरोलीला फोन लावला. तिथले कारकून चिकोडे म्हणाले, "साहेब एकटेच येणार आहेत बाई. मगदूमांना रजेवर घातलंय."

"कधीपासून?"

"चार दिवस झाले. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी. साहेब लई तापले होते. सगळ्यांच्या देखत बोलले." त्यांनी आवाज खाली आणला. "एकतीस वर्षं झाली त्यांना हितं. डबा तसाच टेबलावर राहिला त्यांचा. मग शिपायाकडनं घरी पाठवला."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हिशेबखात्यातल्या मुलींच्या गप्पा ऐकत बसले होते, आणि त्या काय बोलत होत्या ते आज मला एक शब्दही आठवत नाही. मग उठून ती फिल्म ठेवलेल्या कपाटाची किल्ली मागून घेतली.

नवव्या दिवशी आम्ही पुन्हा वर गेलो. अण्णा खुशीत होते. धरणाच्या खाली नदीकाठी एक गाव आहे, त्या दिवशी तिथं बाजार भरला होता. नदीच्या कोरड्या पात्रातच. मिरच्यांचे ढीग, मडकी, शेळ्या, कापडाच्या सावलीत बसलेल्या बायका. जीप बाजारातून वाट काढत चालली होती. एका बाईनं टोपली उचलून आम्हाला वाट करून दिली, आणि अण्णांनी तिला हात करून हसून दाखवलं. अण्णा काही वाईट माणूस नव्हते. हे मी तेव्हाही म्हणाले असते आणि आजही म्हणते.

सभा साडेअकराला सुरू झाली. निटवे टेबलाच्या पलीकडं एकटेच, शेजारची खुर्ची रिकामी. ते कुणाकडं बघत नव्हते.

"विषय पहिला," अण्णा म्हणाले. "मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. वाच वसुधा."

मी वाचायला लागले. हजर सदस्य. कामाची प्रगती. चार नंबरच्या डाव्या बिजागरीतला दोष, सांगणार श्री. मगदूम. मग ते वाक्य आलं.

"वेल्डिंगच्या कामात कोणताही दोष आढळलेला नाही," मी वाचलं आणि थांबले.

"पुढं," अण्णा म्हणाले.

"हे वाक्य खोटं आहे," मी म्हणाले. "हे कायम करता येणार नाही."

मी पिशवीतून फिल्म काढून टेबलावर ठेवली. "चार नंबरचा उजवा हात, मुख्य सांधा. सभेच्या आदल्या दिवशी तडा सापडला होता. समितीला कळवलेला नाही. नंतर दुरुस्ती केलीय, पण तिचा एक्स-रे काढलेला नाही. इतिवृत्त मी लिहिलंय, तेव्हा चूक माझी आहे. दुरुस्ती करून घ्या."

"वसुधा," अण्णा म्हणाले. एवढंच.

निटव्यांनी फिल्म उचलली, पंख्याशेजारच्या ट्यूबलाइटकडं धरली. त्यांचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला. "आवटी," ते म्हणाले, "पाच दिवस झाले, मी माझ्या माणसाला शिव्या घालतोय. तुमच्या पत्रावर."

"तुमच्या बिजागरीत पोकळी होतीच की," अण्णा म्हणाले.

"होती. पण ती त्यानं सांगितली!"

दोघंही उभे राहिले होते. अण्णा माझ्याकडं वळले. "तू बाहेर जा."

मी बसूनच राहिले. "मी सदस्य आहे, अण्णा. सभा चालू आहे."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. घरातलं माणूस रस्त्यावर ओळख न दाखवता निघून गेलं तर आपण कसं बघू, तसं ते बघत होते. मग सावकाश खाली बसले आणि म्हणाले, "लिही. दुरुस्ती मान्य. बाहेरच्या माणसाकडून एक्स-रे काढावा. अध्यक्षांची सही घे."

मी लिहिलं. तिघांच्या सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी समितीनं नेमलेला तपासनीस आला. त्याची फिल्म घेऊन अण्णा स्वतः माझ्या टेबलापाशी आले आणि ती माझ्यासमोर ठेवली. सांधा एकजीव होता, कुठं ठिपकासुद्धा नाही. सर्जेरावनं काम सोन्यासारखं केलं होतं.

"बघ," अण्णा म्हणाले. "काही नव्हतं. कशासाठी केलंस?"

मी फिल्म पाकिटात घातली. ते गेले. त्यानंतर कामाव्यतिरिक्त ते माझ्याशी बोलले नाहीत.

नवी बिजागरी बाराव्या दिवशी बसली. सगळे दरवाजे पावसाच्या आधी उभे राहिले. खात्याला गेलेल्या अहवालात उशिराचं कारण म्हणून दोन्ही कंपन्यांचे दोष एकाखाली एक लिहिले गेले. करार संपला त्या महिन्यात अण्णांनी मला बोलावून दाखला दिला. त्यात माझ्याबद्दल एकही वावगा शब्द नव्हता. "दुसरीकडं बघ," म्हणाले. मी बघितलं. पुढं पुण्याला मी अशाच कामांत राहिले. दोन-तीन कंपन्या वर्षा-दोन वर्षांसाठी एकत्र येतात, त्यांच्या समित्या बांधायच्या, नियम लिहायचे. पुष्कळ करार लिहिले. पण ते सगळं नंतरचं.

जूनच्या मध्यावर, करार अजून संपायचा होता तेव्हा, एका रविवारी मी रुकडीला गेले. मगदूमांचं घर विचारत विचारत सापडलं. दुपारचे तीन वाजले असतील. ते अंगणात शेंगांचं बी निवडत बसले होते. मला बघून उठले, आतून खुर्ची आणली. त्यांच्या पत्नीनं पाणी आणून दिलं आणि दारातच उभ्या राहिल्या.

"तुम्हाला परत बोलावलंय असं ऐकलं," मी म्हणाले.

"साहेब स्वतः आले होते. हितं बसले होते तासभर." त्यांनी मी बसले होते त्या खुर्चीकडं बोट केलं. "मी गेलो न्हाई."

"का?"

"मॅडम, मी पोकळी सांगितली त्या दिवशी परत जाताना गाडीत साहेबांनी मला काय विचारलं असंल? पोकळी कशानं झाली, बाकीच्या अकरा बिजागऱ्या बघितल्या का, असलं काही न्हाई. 'तुला तिथं बोलायला कुणी सांगितलं?' एवढंच विचारलं. तू कुणाचा माणूस, म्हणाले. आता मी काय सांगणार? तो दरवाजा काय माझा-तुमचा असतोय व्हय? त्याच्याखाली गाव आहे."

माझ्या मालकांनी मला शब्दाशब्दानं तेच विचारलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत.

"आणि फिल्म कशी आली?" त्यांनी विचारलं.

"स्वच्छ. काहीच नव्हतं. अण्णा विचारत होते, मग कशासाठी केलंस."

"स्वच्छ आहे हे बघितल्यावर कळलं न्हवं?" ते म्हणाले. "त्याआधी कुणाला ठाऊक होतं? तुम्हाला होतं? त्यांना होतं?"

एवढं सोपं उत्तर होतं. अण्णा टेबलासमोर उभे असताना मला ते सुचलं नव्हतं.

मग ज्यासाठी आले होते ते मी बोलले. "त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, सगळं आलं ना. मी हो म्हणाले. तुम्हाला माझा राग आला असेल."

मला वाटलं, ते नाही म्हणतील. आपल्याकडं वडीलधारी माणसं अशा वेळी नाहीच म्हणतात.

"आहे," मगदूम म्हणाले. "खोटं कशाला बोलू. तुम्ही सांगितलं, ते चांगलं केलं. पण नऊ दिवस लावले. मला रजेवर घातल्यापासून ही एकदाही देवळात गेली न्हाई, कुणी विचारंल म्हणून. पोरीच्या सासरी कळलं. मी चोरी केली असं बोलत होती माणसं." त्यांनी निवडलेलं बी मुठीत घेऊन बाजूच्या सुपात टाकलं. "जाईल राग. लगेच न्हाई जायचा."

माफी मागायचे शब्द घरून ठरवून आणले होते, ते तसेच राहिले. मी उठले. मगदूमांनी फाटकापर्यंत येऊन एस.टी. कुठून मिळेल ते सांगितलं आणि परत जाऊन बी निवडायला बसले.

मी रस्त्याला लागणार तेवढ्यात त्यांच्या पत्नी दारातून पुढं आल्या. इतका वेळ त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

"पुढच्या खेपेला येताना आधी कळवून या," त्या म्हणाल्या. "जेवायला थांबावं लागंल."